रिकामी सम

लातूर जिल्ह्यातील औसा या जुन्या कसब्यात नाथ संस्थानाची जी चक्री भजनाची परंपरा नांदते, तीत टाळ-मृदंगाच्या साथीने फेर धरणाऱ्या मंडळींच्या पावलांचा हिशेब अखेर समेवरच चुकता होतो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत पाचवीवर खाली येते खरी, परंतु तीही समेच्याच तैनातीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जमैकात उदय पावलेल्या रेगे संगीताने हा दस्तूरच फिरवला. त्याच्या 'वन ड्रॉप' नामक ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली मोकळी सोडून ढोलाचा मुख्य आघात तिसरीवर पडतो, गिटार दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर तुटक झणकारते, आणि इतरत्र मागे राहणारी खर्जातील बास गिटार गीताचा भार वाहते. या लयीमागे रास्ताफारी पंथाच्या उपासनेतील तीन ढोलांचा संस्कार आहे.

मग ईश्वराचे अधिष्ठान आघातात की त्याच्या अभावात? आघातावाचून उमटणाऱ्या अनाहत नादाची महती नाथपंथीय योगमार्गाने गायिली, म्हणून रेग्यातील रिकाम्या समेस अनाहत म्हणण्याचा मोह होतो. मला तो मान्य नाही. अनाहतासाठी योगी इंद्रिये अंतर्मुख करतो. येथे मात्र ती पोकळी नर्तकाचा देह स्वतःच्या भाराने भरून काढतो, आणि तिसऱ्या मात्रेवर ढोल वाजला नाही, तर पहिली रिती होती हे कोणास उमगणारही नाही.