नको म्हणण्याचा हक्क

मुंबईत हिंदमातावरून नायगावात शिरलं की बीडीडीच्या चाळी लागत. १९२० च्या दशकात बांधलेल्या ४२ इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलीत जेवायला बसलेल्या पोराला ताट घेऊन लपायला जागा नसे. पानात वाढलेलं संपवल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम या चाळींत कुणी लिहून लावला नव्हता; तरी तो प्रत्येक खोलीत होता.

या भागात राहून साठी ओलांडलेल्या माणसांना मी अधूनमधून विचारतो, की लहानपणी बळेच खायला लावलेलं आणि आज तुम्ही तोंडालाही लावत नाही असं काय आहे? काही उत्तरं हसत येतात. शेपू, कारलं, पडवळ, नाक दाबून पाजलेलं एरंडेल. काही उत्तरं मात्र जरा थांबून येतात. रेशनचा कुबट तांदूळ. लाल गहू. मिलो. कारल्यामागे आईचा हट्ट होता. मिलोमागे आईचाही इलाज चालत नव्हता. कारल्याची गोष्ट घरोघरी सांगून झालेली आहे. मिलोची कमी सांगितली गेली, म्हणून तिथे थांबतो.

लालबाग-परळच्या गिरण्यांत आलेल्या अनेकांचं बालपण गावाकडे गेलेलं. १९७२ चा दुष्काळ त्यांनी शाळकरी वयात पाहिला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती. खडी फोडायची, पाझर तलावांची माती वाहायची, आणि मिळालेल्या मजुरीत जे धान्य हाती येईल ते रांधायचं. त्यात परदेशातून आलेली लाल ज्वारी होती, तीच मिलो. अमेरिकेत असली ज्वारी मुख्यतः जनावरांना घालतात. तिची भाकरी थापताना चिरायची, गार झाली की घशाखाली उतरायची नाही. त्याच कामांवर सुकडीही वाटली जायची. ती आजही पुष्कळांना गोडीने आठवते. मिलो गोडीने आठवणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. दोन्ही मदतीचंच अन्न. पण सुकडी पोराच्या हातावर खाऊ म्हणून पडली आणि मिलो दुसरं काहीच नाही म्हणून ताटात आली.

शहरातलं रेशन त्याआधीपासूनचं. मुंबईत ते महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये सुरू झालं. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० चा धान्य-करार झाला आणि तिकडच्या गव्हाची जहाजं येऊ लागली; १९६६ या एका वर्षात देशाने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केलं. दिल्ली आणि वॉशिंग्टनमध्ये काय ठरतं यावर परळच्या पोराची पोळी कशी होणार हे अवलंबून होतं. त्या पोराला हे कळायचं कारण नव्हतं. त्याला एवढंच कळायचं, की पोळी चिवट आहे आणि नको म्हटलं तर आईचा चेहरा उतरतो.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडली. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबला, वाण्याची उधारी थकली, भांडी मोडीत गेली, कुटुंबंच्या कुटुंबं गावी परतली. जी राहिली ती गावाकडून आलेल्या तांदळावर आणि सुक्या मासळीवर. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज पन्नाशीत आहेत. त्यांच्यातल्या काहींना सुक्या जवळ्याचा वासही सोसत नाही. जवळ्याचा यात काय दोष? कोकणी माणूस एरवी त्यावर जीव टाकतो. पण रोज दोन्ही वेळेला तोच, आणि समोर बाप गप्प बसलेला, असं महिनोन् महिने जेवलेल्या मुलाला जवळा नुसता जवळा म्हणून पुन्हा कसा मिळावा?

मानसशास्त्राने हे तपासलं आहे. बॅट्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ मध्ये ‘ॲपेटाइट’ या नियतकालिकात आला. त्यांनी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं होतं. जवळपास ७० टक्क्यांना लहानपणी कुणीतरी बळेच काहीतरी खायला लावलं होतं, आणि त्यांतले ७२ टक्के तो पदार्थ आता आपणहून खात नव्हते. चवीपेक्षाही त्यांच्या मनात राहिली ती त्या क्षणीची असहायता, आपल्या तोंडात काय जातं यावर आपलं काही चालत नाही ही जाणीव. चाळीतल्या आईला हा अभ्यास दाखवून दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. तिचंही काही चालत नव्हतं. सगळ्यांची पानं झाल्यावर उरलेलं पुसून घेणारी ती. तिला काय आवडत नाही, हे घरात कुणाला ठाऊकही नसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा दिवसभर दुसऱ्यांची ताटं भरणाऱ्या या बायकांची पहिल्यांदा कुणीतरी दखल घेतली.

आज याच भागातल्या मॉलमध्ये ज्वारी, नाचणी, वरई चकचकीत पाकिटांत मिळते. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, आणि डॉक्टरही भाकरी खा म्हणतात. ते बरोबरच आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, ज्वारीत तंतू असतात. पण सत्तरीतले आजोबा भाकरी बाजूला सारून मऊ पोळी मागतात, तेव्हा सून-मुलांनी त्यांना पोषणाचं व्याख्यान देऊ नये असं मला कळकळीने वाटतं. ती पोळी त्यांनी कमावलेली आहे.

आणि अन्न नाकारणं म्हणजे माज, हे आपल्याकडे फार सहज बोललं जातं. ज्यांना निवड होती त्यांनीच हे जास्त बोललेलं आहे. हिंदमातापासून चालत जाण्याच्या अंतरावर, परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहिले. मार्च १९२७ मध्ये महाडला त्यांनी जमलेल्या लोकांना मेलेल्या जनावरांचं मांस सोडायला सांगितलं. ते मांस कुणी आवडीने निवडलेलं नव्हतं. मेलेली गुरं ओढण्याचं काम गावाने लादलं आणि त्याच्याबरोबर तो घासही लादला. त्या घासाला नकार देणं ही माणूस म्हणून उभं राहण्याची सुरुवात होती. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं नोंदवलं. ते सोडून दिलेलं अन्न कसं होतं, कसं करायचे, हे लिहून ठेवायलाही मोठं धाडस लागतं. न खाणं आणि न विसरणं, दोन्ही एकाच माणसाला साधू शकतं.

म्हणूनच शाळेतल्या ताटाची बातमी आली की मी अस्वस्थ होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, आणि अंडं न खाणाऱ्या मुलाला केळं. मला त्यातलं केळं अंड्याइतकंच महत्त्वाचं वाटलं होतं. सरकारी ताटात मुलाच्या नकाराला जागा ठेवली होती. जानेवारी २०२५ मध्ये त्या अंड्यासाठीचा निधी सरकारने थांबवला. आता ज्याला हवं त्यालाही मिळायची खात्री नाही. नायगाव-भोईवाड्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या मुलांसमोर पुन्हा एकदा दुसऱ्यांनी ठरवलेली खिचडी येते. तो निधी सरकारने पुन्हा द्यावा, केळ्यासकट. आणि पुढचा आहार ठरवताना एकदा तरी वर्गात जाऊन मुलांना विचारावं, की तुम्हाला यातलं काय नको आहे?