आपल्यातले मोल

नात्यागोत्यातल्या माणसाकडून कामाचे पैसे घ्यावेत काय, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः तो न्यायाचाही आहे. कारण त्यात एकाच्या ममत्वाबरोबर दुसऱ्याच्या उपजीविकेचा विचार करावा लागतो.

घरी शिवणयंत्र चालवून संसाराला हातभार लावणाऱ्या स्त्रीचे उदाहरण घ्यावे. लग्नसराईच्या तोंडावर नणंद ब्लाउजचे कापड आणून देते. शिलाई विचारली जात नाही आणि सांगितलीही जात नाही. ‘तुमच्याकडे काय मागायचे, वन्सं!’ एवढ्यावर बोलणे संपते. बेतणे, अस्तर लावणे, हुक-काजे करणे, घट्ट झाल्यास पुन्हा उसवणे यांत तिचा दिवस जातो. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम मागे पडते आणि त्या दिवसाची मिळकत बुडते ती साऱ्या घराची. वरकरणी ही भेट दिसते. परंतु देणारीने ती देण्याचे ठरविलेलेच नसते. भीड ही भिकेची बहीण, असे म्हणतात ते याच अर्थाने.

मैत्री आणि मोबदला यांचा हा गुंता प्राचीन आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात उपयोगावर आधारलेल्या मैत्रीचा विचार करताना दाखवून दिले आहे की, तक्रारी मुख्यतः अशाच मैत्रीत उद्भवतात. अटी न घालता, मित्राला द्यावे तसे दिले जाते. मनात मात्र उसने दिल्याप्रमाणे परतफेडीची अपेक्षा राहते. उपकाराचे मोल घेणाऱ्याने ठरवावे, असे तो सुचवितो. पण ते वस्तू हाती आल्यानंतर वाटेल तेवढे न धरता, ती मिळण्यापूर्वी जेवढे वाटत होते तेवढे धरावे. काम झाल्यावर ते सोपे वाटू लागते, हा मनुष्यस्वभाव त्याने अचूक ओळखला होता.

पैशाने नाते विटते, असा आक्षेप यावर घेतला जाईल, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ जुन्या गावाचा दाखलाही दिला जाईल. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुत्याच्या व्यवहाराचे तपशीलवार चित्र आहे. सुतार, लोहार, कुंभार यांना नगामागे दाम मिळत नसे; पीक आले की धान्याचा वाटा मिळे. तथापि, दर नव्हता म्हणून हिशेब नव्हता, असे समजणे चुकीचे ठरेल. बलुते हा हक्क होता, त्याबरोबर बंधनही होते; आणि तळाशी असलेल्यावर ते बंधन सर्वांत जड होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. महार वतनदाराच्या कामाला काळवेळेची मर्यादा नाही आणि मोबदला मात्र तुटपुंजा, हे त्यामागचे वास्तव होते. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली. जातीची सक्ती आणि आप्ताची विनंती एका मापाने मोजता येणार नाहीत, हे खरे. पण ज्या श्रमाला माप नसते, त्याचा भार नकार देऊ न शकणाऱ्यावर पडतो, एवढा बोध दोहोंना लागू पडतो.

म्हणून आधी पूर्ण दर बोलला जावा. मग हवी तर सूट द्यावी, हवे तर सर्वच सोडावे. दर उच्चारला गेला की सोडलेली रक्कम दान म्हणून दिसते आणि घेणाऱ्यालाही कृतज्ञतेची संधी मिळते. आजारपणात रात्र जागविणाऱ्या नणंदेकडून भावजय शिलाई घेणार नाही. तो निर्णय मात्र भावजयीचाच असला पाहिजे. आणि सुनेच्या नात्याने वावरणारीला तोंड उघडून दर सांगणे अवघड असते, हे लक्षात घेतले तर पहिला शब्द कोणी काढावा हेही उघड आहे. कापड पुढे करतानाच नणंदेने शिलाई विचारावी, आणि ‘राहू द्या’ हे उत्तर पहिल्याच वेळी मान्य करू नये.