शिष्यवृत्तीची मुदत

सिल्व्हासाजवळच्या मसाटच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आईबापांची मुलं आता एमएस्सीच्या पुढे पोहोचली आहेत. त्यांतलं एखादं प्रवेशाची दोन पत्रं घेऊन सल्ला विचारायला येतं. एका पत्रावर जगभर गाजलेल्या विद्यापीठाचं नाव असतं, पण फी, खोली, जेवण सगळं घरून. दुसऱ्यावरची संस्था सिल्व्हासात कोणी ऐकलेली नसते, पण फी माफ आणि दरमहा ठरलेली रक्कम. घरच्यांचा जीव पहिल्या पत्रात अडकतो. मी दुसरं घ्यायला सांगतो.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. तेव्हा आपल्याकडे वजन होतं ते विलायतेच्या पदवीला, अमेरिकेच्या नव्हे. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखलही झाले. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि प्रबंध अर्धा टाकून परतावं लागलं. बुद्धी तीच, जिद्द तीच, संपला होता तो पैसा. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून काटकसर, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडून कर्ज. १९२० मध्ये पुन्हा लंडन आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. त्यांच्यासारख्या माणसालाही शिष्यवृत्ती संपताच अभ्यास मध्येच सोडावा लागला, हे मला फार मोठं वाटतं. ज्याच्या घरी वडिलोपार्जित पैसा नाही, त्याला शिष्यवृत्ती निवांत वेळ देते. वाचायला, चुकायला, प्रयोग पुन्हा लावायला.

कर्ज काढून जाऊ नये का? इरावती कर्वे सासऱ्यांचा, महर्षी कर्व्यांचा, विरोध असताना जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि दोन वर्षांत डॉक्टरेट घेऊन परतल्या. दोन वर्षांचं कर्ज माणूस उरावर घेऊ शकतो. आज प्रबंधाला चार-पाच वर्षं सहज लागतात, आणि व्याज तेवढी वर्षं थांबत नाही.

शिवाय संशोधकाला घडवतो तो मार्गदर्शक. त्याचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, आता काय करतात, हे त्यांनाच फोन करून विचारावं. शिष्यवृत्तीचीही खातरजमा करावी: किती वर्षं, दरवर्षी नव्याने मंजुरी लागते का, पैसे वेळेवर येतात का. मंजुरीचं पत्र हातात आहे म्हणून खोलीचं भाडं भरता येत नाही. आपल्याकडे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती (जेआरएफ) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. एवढ्यावर चांगल्या मार्गदर्शकाकडे काम करता येत असेल, तर परदेशाच्या नावासाठी घर गहाण टाकू नये.

विषयच असा असेल की त्याची प्रयोगशाळा त्या नामांकित विद्यापीठातच आहे, तर मी वर्षभर थांबून निधीसह पुन्हा अर्ज करायला सांगतो. इथल्या वारली, धोडिया, कोकणा मुलांसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची परदेश शिष्यवृत्ती आहे. जागा साऱ्या देशासाठी वर्षाला २०. हा आकडा वाढावा, अशी मागणी दादरा-नगर हवेलीतल्या कॉलेजांनी एकत्र येऊन करायला हवी, आणि तोवर त्या वीसांत बसण्याची तयारी मुलांकडून पहिल्या वर्षापासून करून घ्यायला हवी.