‘वय झाले’ हे उत्तर नव्हे

पवित्र कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत २३ व २४) अल्लाहने केवळ आपलीच उपासना करण्याच्या आदेशाला लागूनच आई-वडिलांशी सद्वर्तन करण्याचा आदेश दिला आहे. त्यातही वार्धक्याचा उल्लेख स्वतंत्रपणे येतो. दोघांपैकी एक किंवा दोघेही तुझ्यापाशी म्हातारपणाला पोहोचले, तर त्यांना ‘उफ्’सुद्धा म्हणू नकोस, झिडकारू नकोस, आदराने बोल आणि दयेपोटी नम्रतेचा पंख त्यांच्यापुढे झुकव, असे ते मार्गदर्शन आहे. ‘उफ्’ म्हणजे कंटाळ्याचा साधा सुस्कारा. उसूले फिकहच्या ग्रंथांत हे उदाहरण नेहमी दिले जाते. जिथे सुस्काऱ्याला मनाई आहे, तिथे त्याहून मोठ्या प्रत्येक दुखावण्याला मनाई आहेच, असा नियम त्यातून काढला जातो.

वाचक बंधू-भगिनींनो, हा सुस्कारा आज आपल्या घरांत आणि दवाखान्यांत दुसऱ्याच शब्दांत ऐकू येतो: ‘आता वयच झाले.’ अब्बांना ऐकू कमी येते, वय झाले. अम्मी रात्री झोपत नाहीत, वय झाले. आजोबा परवापासून असंबद्ध बोलू लागले, वय झाले. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण हे दोन शब्द उच्चारले की चौकशी थांबते. म्हणून एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. वार्धक्य जर बरे होणार नसेल, तर वृद्धाच्या बाबतीत वैद्याचे आणि मुलांचे नेमके कर्तव्य काय? आणि ते कर्तव्य शिकवता येते का?

हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या हदीसमध्ये याचा पाया सापडतो. काही ग्रामीण अरबांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की आम्ही उपचार करावेत काय? प्रेषितांनी (स.) उपचार करण्यास सांगितले आणि अल्लाहने एक सोडून प्रत्येक आजाराला इलाज ठेवला आहे, असे स्पष्ट केले. तो एक कोणता, असे विचारता त्यांनी वार्धक्याचे नाव घेतले. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांनी नोंदविली आहे. तिचा अर्धाच भाग ध्यानात ठेवणारा म्हणेल की म्हातारपणाला इलाज नाही, मग धावपळ कशाला? पण हदीसचा आरंभ उपचाराच्या आदेशाने होतो. इलाज नाही तो वार्धक्याला. वार्धक्यात जडणाऱ्या आजारांना आहे. मोतीबिंदू, मधुमेह, खिन्नता, लघवीचा संसर्ग, हाडांचा ठिसूळपणा हे सारे त्या ‘प्रत्येक आजारा’त मोडतात. या दोहोंतला भेद ओळखणे हीच वृद्धांच्या वैद्यकाची पहिली पायरी होय. इब्ने सीना यांनी ‘अल्-कानून’ या ग्रंथात वृद्धांचा आहार, स्नान, मालिश व व्यायाम यांसाठी स्वतंत्र प्रकरणे लिहिली, ती याच जाणिवेतून. जे बरे होत नाही, त्याचीही निगा राखता येते.

ही जाणीव आता अभ्यासक्रमांतही उतरत आहे. आपल्या खानदेशात धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. देशभर २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृद्धांच्या आरोग्याचा समावेश आहे. रुग्णाशी वागण्या-बोलण्याचे आणि नीतीचे धडेही त्यात आहेत. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून गावातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या घरी जावे, अशी योजना आणली.

घरी जाण्याचे महत्त्व आपल्याला नवे नाही. मक्का विजयाच्या प्रसंगी हजरत अबूबक्र (रजि.) आपल्या वृद्ध, दृष्टी गेलेल्या वडिलांना घेऊन प्रेषितांच्या (स.) सेवेत आले, तेव्हा या वृद्धाला घरीच का राहू दिले नाही, मीच त्यांच्याकडे आलो असतो, असे प्रेषित (स.) म्हणाले. विजयी सेनापती वृद्धाच्या दारी जाण्यास तयार होता. उद्याच्या डॉक्टरला यापेक्षा मोठा धडा कोणता द्यावा? घरी गेल्यावरच त्याला दिसते की न्हाणीघराची फरशी निसरडी आहे, पहाटेच्या वजूसाठी आजोबा अंधारात तीन पायऱ्या उतरतात आणि गोळ्यांची पाकिटे एकाच डब्यात मिसळली आहेत. रुग्णालयात त्याला फक्त मोडलेले खुब्याचे हाड दिसले असते.

पण ज्ञानासोबत अदबही शिकवावी लागते. आपल्याकडचे वृद्ध खानदेशी ढंगाची उर्दू बोलतात, कुणी अहिराणी बोलतात. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरकडील तडवी बांधवांची बोली आणखी निराळी. एखादी आजी ‘जी घबराता’ एवढेच सांगते. त्यात छातीची धडधड असेल, धाप असेल, मळमळ असेल किंवा सुरतेला गेलेल्या मुलाची काळजीही असेल. तिच्यासमोर बसून, तोंडाकडे पाहून, सावकाश विचारल्याशिवाय ते उलगडत नाही. लघवी आवरत नाही ही तक्रार ती मुलालाही सांगत नाही, मग तरुण परपुरुषाला कशी सांगेल? ती सांगत नाही म्हणजे तिला त्रास नाही, असा अर्थ काढू नये. तिथे नर्स-भगिनीने विचारावे. आणि सोबत आलेल्या मुलाशीच बोलून वृद्धाकडे पाठ फिरवणे, हे शिकलेल्या माणसाचे ‘उफ्’ आहे.

दीनचे थोडे ज्ञानही डॉक्टरला उपयोगी पडते. नमाज उभ्याने जमत नसेल तर बसून, तेही न जमल्यास कुशीवर अदा करावी, अशी सवलत हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) दिली होती. ज्याला रोजा झेपत नाही आणि पुढे झेपण्याची आशाही नाही, अशा वृद्धासाठी फिदया आहे. लघवीची नळी लावलेल्या रुग्णाची नमाज ‘माजूर’ म्हणून ग्राह्य ठरते. तरीही अनेक वृद्ध रमजानमध्ये कुणाला न सांगता मधुमेहाची गोळी बंद करतात किंवा उपाशीपोटी घेतात. साखर उतरून बेशुद्ध पडतात. डॉक्टरने फक्त ‘रोजे बंद’ म्हटले तर ते ऐकणार नाहीत. शाबान महिन्यातच डॉक्टरने औषधांविषयी आणि इमामाने सवलतीविषयी एकाच सुरात सांगितले, तर ऐकतील.

आता आपली बाजू. डॉक्टरकडे ज्ञान आहे आणि ओळख कमी. आपल्याकडे माया आहे आणि ज्ञान कमी. जो वैद्यक जाणत नाही आणि तरी उपचार करतो, तो होणाऱ्या हानीस जबाबदार आहे, अशा आशयाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. शेजाऱ्याची रक्तदाबाची गोळी अब्बांना देणाऱ्या प्रेमळ मुलाने ती आठवावी. आणखी एक गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण अशी माणसे मशिदीच्या दारात येतात. काल-परवापर्यंत नीट बोलणारा वृद्ध अचानक भ्रमिष्टासारखा बोलू लागला की घरचे त्याला ‘असर झाला’ म्हणून दम करून घेण्यास आणतात. दुआ अवश्य करावी. पण असा अचानक बदल लघवीच्या किंवा फुप्फुसाच्या संसर्गाने, शरीरातील पाणी वा मीठ कमी झाल्याने, एखाद्या औषधानेही होतो. वृद्धाला अशा वेळी ताप येईलच असे नाही. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात तर हे विशेष जपावे, कारण वाढत्या वयात तहान कमी जाणवते. पाणी मागण्याची वाट पाहू नये, आपण होऊन द्यावे. मात्र हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णास किती द्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. जो हळूहळू स्मृती गमावत आहे, त्याला पाच वेळा तोच प्रश्न विचारल्याबद्दल रागावू नये. ज्याची बुद्धी हरपली त्याच्यावरून शरीअतनेच हिशेबाची लेखणी उचलली आहे. मग हिशेब मागणारे आपण कोण? अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. नाहीतर पाठीला जखमा होतात. हेही खिदमतच आहे, आणि ते शिकावे लागते.

काही जण विचारतील की वृद्धसेवा हे मुलांचे कर्तव्य. ते महाविद्यालयात शिकवणे म्हणजे घर मोडल्याची कबुली नव्हे काय? हा आक्षेप हलका नाही. धुळ्याच्या यंत्रमागांवरून मुले रोजगारासाठी दूर जातात, आणि पगारी माणूस ठेवून कर्तव्य संपले असे मानणारेही आहेत. मात्र दोन कर्तव्ये वेगळी ओळखावीत. आई-वडिलांशी सद्वर्तन हे मुलावर फर्जे ऐन आहे. ते पैशाने दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत नाही. वृद्धांचे आजार जाणणारे लोक समाजात असणे हे फर्जे किफाया आहे. इमाम गजाली यांनी वैद्यक याच वर्गात मोजले आणि लोक ते सोडून वादविवादाच्या विद्येमागे लागतात, अशी खंतही व्यक्त केली. जखम बांधायला नर्स येऊ द्या. नम्रतेचा पंख तुमचाच हवा.

कायद्याची तरतूदही माहीत असावी. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यानुसार वय ६० म्हणजे ज्येष्ठ नागरिक. शासकीय रुग्णालयांत त्यांच्यासाठी शक्यतो खाटा आणि स्वतंत्र रांग असावी, असे त्यात आहे. ती रांग नसेल तर सभ्यपणे मागावी, आणि केवळ आपल्या वृद्धांसाठी मागू नये. हजरत उमर (रजि.) यांनी दारोदार मागणाऱ्या एका वृद्ध यहुद्याला बैतुलमालमधून साहाय्य लावून दिल्याची नोंद इमाम अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये आहे.

यंदा एवढे करून पाहावे. दत्तक कुटुंबाच्या भेटीसाठी विद्यार्थी दारी आले तर त्यांना अंगणातून परत पाठवू नये, आजीजवळ बसवावे. घरातल्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून एकदा डॉक्टरांना दाखवाव्यात. मशिदीच्या जबाबदारांनी शाबानमध्ये एका डॉक्टरला बोलवावे. आणि ‘वय झाले’ हे शब्द ओठांवर आले की क्षणभर थांबून पुढचा प्रश्न विचारावा: मग यांच्यासाठी आता काय करता येईल?

अल्लाह आपल्याला आपल्या वृद्धांची सेवा ज्ञानाने आणि अदबीने करण्याची सद्बुद्धी देवो आणि लहानपणी त्यांनी आपल्याला सांभाळले तसा त्यांच्यावर दयेचा वर्षाव करो. आमीन.