चारीचा नियम

डोंगरकडा गावातला एक मुलगा नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतून शिकून हिंजवडीत नोकरीला लागला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तसा तो बायको-लेकराला घेऊन गावी आला. महिनाभराचं म्हणून आलेलं बिऱ्हाड पुढे तिथंच राहिलं, कारण कंपनीनंच लेखी कळवलं की यापुढे कायम घरूनच काम करा. त्यानं पुण्याचा भाड्याचा फ्लॅट सोडला, माडीवरची खोली नीट करून घेतली, इन्व्हर्टर बसवला, फायबरची जोडणी घेतली. रात्री अमेरिकेतल्या लोकांशी कामाचं बोलणं व्हायचं आणि सकाळी केळीच्या बागेत चक्कर. आईच्या हातची भाकरी होती, लेकराला आजीची मांडी होती. त्याला वाटलं, आपण जिंकलो.

पुण्यात निम्मा पगार घरभाडं, शाळेची गाडी आणि पेट्रोल यांतच जायचा. गावात पगार तोच राहिला आणि खर्च घटला. दर महिन्याला चांगली शिल्लक पडू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात वादळी वारं सुटलं आणि शेजारच्या काकांची घड लागलेली केळी एका रात्रीत आडवी झाली. हळदीसाठी काढलेलं कर्ज आधीच अंगावर होतं. काकांनी कालव्यालगतची दोन एकर विकायला काढली. गावातल्या दोघांनी भाव केला, तो काकांना परवडेना. मुलगा वडिलांना म्हणाला, "अण्णा, आपण घेऊ. त्यांच्या दीडपट देतो, तेही रोख."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आज रात्री आपल्या चारीला पाणी आहे. तू चल माझ्यासंगं."

इसापूर धरणाच्या पाण्यावर या भागातली केळी आणि ऊस उभा आहे. कालव्याला आवर्तन सुटलं की शेतकरी बॅटऱ्या घेऊन रात्र रात्र चारीवर जागतात. बापलेक चारीनं वर चालत गेले. वरच्या टोकाला कोणीतरी मातीनं भरलेली पोती दाबून सगळं पाणी आपल्या बागेत वळवलं होतं. बॅटरीच्या उजेडात सरीत तुंबलेलं पाणी चमकत होतं. केळीची खालची पानं पिवळी पडली होती आणि एका खुंटाला हात लावला, तर बुडातून कुजका वास आला. तिथून ते खाली शेवटच्या शेतापर्यंत आले. तिथं जमिनीला पाय अडकेल एवढ्या भेगा होत्या.

अण्णा म्हणाले, "वरच्याची जमीन चिबडली, खालच्याची तडकली. पाणी एकच होतं. पाणी वापर संस्थेत आपण नियम केला, की पहिलं पाणी शेवटच्या शेताला द्यायचं आणि मग वर यायचं. का? तर वरच्याला ते आयतंच मिळतं, म्हणून त्यानं थांबायचं. तुझा पगार आयता वरच्या टोकाला आलाय, बाळा. तू दीडपट भाव दिलास, की उद्या सगळ्या शिवाराचा भाव तोच. मग जो पोरगा नुसत्या शेतीवर जगतो, त्यानं जमीन घ्यायची कशी? तुझ्यासारखे दहा जण आले, तर शिवार पगारवाल्यांचं होईल आणि कसणारा त्याच शिवारात रोजानं जाईल."

"मग हा पैसा ठेवू कुठं?"

"ठेवू नको. खाली जाऊ दे."

मुलानं चार दिवस विचार केला. काकांच्या घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्यानं त्या पाच वर्षांच्या करारानं भाड्यानं घेतल्या आणि दोन वर्षांचं भाडं आगाऊ दिलं. त्यातून काकांचा थकलेला हप्ता भरला गेला आणि दोन एकर वाचली. माडीवरचं काम त्यानं खाली या खोल्यांत आणलं. तिथं टेबलं आली, मोठा इन्व्हर्टर आला. गावातली आणखी तीन पोरं घरून काम करायची, पण जोडणी तुटते म्हणून पुण्याला परतायच्या तयारीत होती. ती इथं बसू लागली. दुपारी संगणकाची पदवी घेऊन घरी बसलेल्या मुली शिकायला येऊ लागल्या, त्यांत काकांची लेकही होती. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम त्या शिकल्या. पुढच्या वर्षी त्यांतल्या दोघींना गावातूनच करण्याजोगी नोकरी लागली.

मग वारं फिरलं. २०२० मध्ये टीसीएसनं जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त कर्मचाऱ्यांनी कार्यालयात असण्याची गरज राहणार नाही. त्याच कंपनीनं २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावलं. इतर कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या आणि या मुलालाही पत्र आलं: निम्मा महिना पुण्यात हजर राहावं लागेल. त्याला काकांच्या घरातल्या त्या खोल्यांची काळजी लागली. काकांची लेक म्हणाली, "दादा, तुम्ही निर्धास्त जा. किल्ली माझ्याकडे द्या."

तो गेला आणि खोल्यांतलं काम चालू राहिलं. आजही त्या सकाळी वेळेवर उघडतात.

गावात काम येण्याची आणखी एक वाट आहे. तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या मत्तळंपाराई गावात झोहो कंपनीनं २०११ मध्ये आपलं कार्यालय सुरू केलं आणि आसपासच्या तरुणांना कामावर घेतलं. तिथं कंपनीच गावात आली. आपल्याकडे बहुतेक गावांत एकटादुकटा पगारदार तेवढा परततो. त्या एकट्यानं काय करायचं, हे डोंगरकड्याच्या अण्णांनी चारीवर उभं राहून सांगितलं.

तात्पर्य: कंपनीनं दिलेलं 'कायम' एका पत्रानं येतं आणि दुसऱ्या पत्रानं जातं. गावात टिकतं ते दुसऱ्याच्या हाती दिलेलं काम. म्हणून नोकरी घेऊन गावी परतणाऱ्यांनो, शेजाऱ्याच्या जमिनीला भाव लावण्याआधी त्याची जमीन त्याच्याकडेच कशी राहील ते बघा, आणि आपल्याला येतं ते गावातल्या एका तरी मुलीला, एका तरी मुलाला शिकवा.