फळ खाणाऱ्याने सांगितलेला निष्काम कर्मयोग

बालाघाट शहराला लागूनच भरवेलीची मँगनीजची खाण आहे. आज तिथलं काम जमिनीच्या पोटात खोलवर चालतं. इंग्रजांच्या अमलात या पट्ट्यातल्या खाणी बव्हंशी उघड्या होत्या, तेव्हा खनिज फोडायचं, मातीतून वेचायचं, टोपल्यांत भरून डोक्यावर वाहायचं, ही कामं मोठ्या प्रमाणावर बायका करत. खाडा झाला की मजुरी बुडाली, हा हिशेब दिवस भरत आलेल्या बाईलाही चुकत नसे.

मध्य प्रांताने १९३० साली प्रसूती लाभाचा कायदा केला, पण तो कारखान्यांपुरता. खाणीतल्या बाईपर्यंत कायदा पोचायला १९४१ उजाडलं. त्या केंद्रीय कायद्याने आठ आठवड्यांचे पैसे देऊ केले : चार बाळंतपणाआधीचे, चार नंतरचे. जुलै १९४३ मध्ये त्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी.

त्यांच्यासाठी हा विषय नवा नव्हता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, आणि जेमतेम सात महिन्यांनी, जुलै १९२८ मध्ये, बाबासाहेब मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलत होते. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा आणि बाईच्या श्रमातून नफा कमावणाऱ्या मालकालाही तो चुकू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. महाडची आठवण दरवर्षी निघते, या भाषणाची क्वचितच. वास्तविक भांडण एकच होतं.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आई गौरवाने हजार बापांहून थोर ठरते. आठव्या अध्यायात बायको, मुलगा आणि दास या तिघांना स्वतःचं धन नाही. ते जे मिळवतील ते ज्याचे ते, त्याचं. दोन्ही वचनं एकाच ग्रंथात सुखाने नांदतात, कारण गौरवाला खर्च येत नाही. नवव्या अध्यायात स्त्रीधनाचे सहा प्रकार येतात खरे, पण सगळे मिळालेल्या भेटींचे : लग्नाग्नीसमोर दिलेलं, सासरी निघताना दिलेलं, प्रेमाने दिलेलं, भावाने, आईने, बापाने दिलेलं. बाईने घाम गाळून कमावलेलं त्या यादीत कुठेच नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं की आईचं करणं निष्काम असतं, त्याला पैसा लावला की ते बाटतं. गीतेचा दाखलाही लगेच दिला जातो. पण फळाची आशा सोड, असं अर्जुनाला सांगण्याच्या बरोबर दहा श्लोक आधी श्रीकृष्ण त्याला बजावतो की मेलास तर स्वर्ग आहे आणि जिंकलास तर पृथ्वीचं राज्य. राजपुत्राच्या वाट्याला निदान ही सोय होती. शिवाय फळाची आशा सोडणं हा कर्म करणाऱ्याने स्वतःशी केलेला निश्चय असतो. जेवणाऱ्याने तो वाढणारीला शिकवायचा, ही साधना नव्हे. ती फुकट राबवून घ्यायची सोय झाली.

वारकरी परंपरेला हे फार आधी उमगलं होतं. जनाबाई ही नामदेवांच्या घरची मोलकरीण. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिच्यापाशी बसून दळण दळतो, शेण्या वेचू लागतो. तो तिची आरती ओवाळत नाही, जात्याचा खुंटा धरतो.

आजच्या बालाघाटात जुलै महिन्यात चिखलाने भरलेल्या बांध्यांत रोवणी चालते. बायका कमरेत वाकून धानाची रोपं रोवत मागे मागे सरकतात, आणि तान्हं लेकरू धुऱ्यावर छत्रीखाली, बहुधा आजीच्या ताब्यात. रोवणीची मजुरी ठरलेली असते. त्याआधीची पहाटेची चूल, नंतरची भांडी आणि धुऱ्यावरची आजी यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात ती थोडीफार झाली : घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, घरकाम करणारा पुरुष ८८.

मध्य प्रदेशात १० जून २०२३ पासून 'लाडली बहना'चे पैसे बायकांच्या खात्यात पडू लागले. हजारापासून सुरुवात झाली, आता पंधराशे मिळतात. स्वतःच्या नावावरच्या खात्यात दरमहा रोकड येणं किती मोठं असतं, हे नवऱ्याकडे औषधालाही पैसे मागावे लागलेल्या बाईला विचारावं. या योजनेची निव्वळ टिंगल करणाऱ्यांनी तर जरूर विचारावं. पण राखी पौर्णिमेला वर अडीचशेची भेट देणारं सरकार इथे भाऊ होऊन येतं, आणि आपण पुन्हा नवव्या अध्यायातल्या यादीत जाऊन बसतो. पात्रतेच्या अटींत विवाहित, विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता बसतात. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी लग्न न करता राहिलेली मुलगी बसत नाही. साठी ओलांडली की नाव गळतं, म्हणजे धुऱ्यावरची ती आजीही गेली.

हक्क म्हणून कायद्यात लिहिलेली रक्कम वेगळीच आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने, सरकारी नोकरी किंवा तत्सम लाभ असलेल्या सोडून, प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा प्रसूती लाभ देऊ केला. तो अमलात आणायला आलेली प्रधानमंत्री मातृवंदना योजना पहिल्या बाळाला ५,००० देते. दुसऱ्या खेपेला ६,००० मिळतात, पण मुलगी झाली तरच. नावात वंदना आहे. उरलेले हजार रुपये आणि दुसऱ्या खेपेला मुलगा झालेली आई यांचा हिशेब मात्र बाकी आहे.