दुबळ्या यंत्राची मर्यादा

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतला. पावसाळ्यात बाहेर बोरी नदी कोसळत असते आणि त्याच्या पोटातील पाणीमहालात माणूस कोरडा उभा राहतो. लोंढ्यास वाट द्यावी, पण आतल्यास बुडवू नये, ही त्या गवंड्यांची दृष्टी आम्हांस एका अगदी निराळ्या कामात आढळली. १९८१ सालच्या आयबीएम पीसीसारख्या जुन्या संगणकांस आजच्या जाळ्याशी जोडणारा ‘एमटीसीपी’ हा आज्ञावलींचा संच मायकेल ब्रुटमन या गृहस्थांनी रचला आणि वर्षानुवर्षे सुधारीत आणला. टीसीपीचा नियम असा, की घेणारे यंत्र आपणांस किती मजकूर पेलेल हे कळविते, आणि धाडणारे कितीही बलाढ्य असले तरी त्यास तेवढ्यावरच हात आवरावा लागतो. हा नियम केवळ तांत्रिक आहे असे आम्हांस वाटत नाही.

मग सुधारणा कशास म्हणावे? अधिक स्मृती मागितली तर आज्ञावली वेगाने चालेलही. परंतु डॉसची नेहमीची मर्यादा ६४० किलोबाइटांची, आणि पुष्कळ यंत्रांत तेवढीही नसते. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तेच दाराबाहेर राहावयाचे!

खरी अडचण पुढेच आहे. आज बहुतेक संकेतस्थळे गुप्त लिपीतच बोलतात. त्यात वाचकाचे रक्षण आहे, म्हणून जगास दोष देववत नाही. एमटीसीपीस ती लिपी येत नाही, आणि तिचे ओझे जुन्या यंत्रास फार जड. काही दारे बंद राहिली तरी चालतील, पण सर्वांत दुबळे यंत्र सोडू नये, असे आमचे मत आहे. मात्र बंद दारांची संख्या वाढते आहे, हे आम्ही नाकारीत नाही.